तारण कशाचं ठेवायचं?

तोरणमाळला थंड हवा आहे, यशवंत तलाव आहे, सीताखाई आहे. मग धंदा का वाढत नाही? रस्ता, वीज ही उत्तरं खरी, पण अपुरी. इथल्या आदिवासी तरुणाला चार खोल्या बांधायच्या तर बँक तारण मागते. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला मिळते, विकता येत नाही. कर्ज थकलं तर लिलावात घेणार कोण, म्हणून बँकवाले कचरतात.

पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो अशा अडकलेल्या मालमत्तेला ‘मृत भांडवल’ म्हणतात. आम्हा कवींना हेवा वाटावा असा शब्द! पण खाली शहाद्याकडे भिलांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या, म्हणून १९७२ साली अंबरसिंग महाराजांबरोबर माणसं उभी राहिली, हे पेरूत कुणाला ठाऊक असणार? कायदा सैल केला तर तलावाकाठी हॉटेलं होतीलही, आणि जमिनीचा धनी तिथे कपबशा विसळेल. त्यापेक्षा तारणच दुसरं शोधावं. धडगाव भागात उन्हाळ्यात घरोघरी आमचूर वाळतो, भाव मात्र व्यापारी ठरवतो. तो माल गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज का मिळू नये?