दोन शब्द



सातवी शिकलेली बाई मेंदूवर बोलणार म्हणून हसू नका. बदलापूर गाडीत कुणाला फेफरे आले की आपण कांदा, चप्पल हुंगायला देतो. तसे करू नये. तोंडातही काही घालू नये. कुशीवर वळवावे, एवढेच.

याच फेफऱ्याला १९७६ साली हिंदू विवाह कायद्याने वेडाच्या पंक्तीला बसवले. वारंवार फेफरे येणारी मुलगी लग्नाला अपात्र, झालेले लग्नही रद्द होऊ शके! डॉक्टर व इंडियन एपिलेप्सी असोसिएशन सरकारच्या मागे लागले, तेव्हा १९९९ मध्ये संसदेने इंग्रजी कायद्यातले दोन शब्द गाळले. दोनच शब्द, पण किती लेकींचा संसार त्यांत अडकला होता! कायदा सुटला, सोयरीक जुळवताना अजून लपवतातच, हे निराळे.

त्याच वर्षी हरियाणात मानेसरला सरकारने राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र काढले. असे संशोधन हवेच, कारण साधारण तिघांतल्या एकाचे फेफरे आजही गोळ्यांनी थांबत नाही. पैसा मंजूर होतो दिल्लीत, आणि तिथे आपला खासदार बसतो. मते मागायला मंडळी हळदीकुंकवालाही येतात. तेव्हा नळ-गटाराबरोबर हेही विचारू. खासदारांना द्यायचा अर्ज मी लिहून आणला आहे. चहाआधी सह्या करा.