पासवर्ड विसरलात? फॉरमॅटची घाई नको

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, धूळ झटकली, बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर नाव उमटलं आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. तो मात्र काही केल्या आठवेना! अशा वेळी घाईने फॉरमॅट करू नका. विंडोज एक्सपी किंवा सेव्हनच्या बहुतेक घरगुती कॉम्प्युटरवर पासवर्ड म्हणजे फक्त दाराचं कुलूप. आतले फोटो, कागदपत्रं हार्ड डिस्कवर जशीच्या तशी असतात. ती डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. फाइली उतरवून घेता येतात. विंडोज टेन किंवा इलेव्हनवर मायक्रोसॉफ्टचं खातं असेल, तर मोबाइलवरूनही पासवर्ड बदलता येतो. मग कॉम्प्युटरला इंटरनेट जोडा आणि नव्या पासवर्डने आत जा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल, तर डिस्क काढून फाइली उतरवायला मात्र 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा त्याच खात्यात जपलेली असते. दुरुस्तीला देताना ‘आधी डेटा काढा, मगच फॉरमॅट’ असं स्पष्ट बजावा. आणि नवा पासवर्ड आजच वहीत लिहून कपाटात कुलूपबंद ठेवा.