इंग्रजी शिकवायला परदेशी जाताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



विद्येच्या देवतेसमोर चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. आपल्या इंदूरची मुलेमुली मला नेहमी विचारतात, "ताई, इंग्रजी शिकवायला परदेशी जायचे तर सुरुवात कुठून करायची? आणि आपल्यासारख्यांना घेतात का हो?"

दुसऱ्या प्रश्नातच खरी भीती आहे, म्हणून आधी त्याकडे वळते.

मी २००८ साली थायलंडमधील नाखोन रात्चासिमा या शहरातल्या एका शाळेत रुजू झाले. बँकॉकच्या ईशान्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवर हे शहर आहे. नाव परके वाटते, पण मुळात ते 'नगर राजसीमा'! त्या सबंध प्रदेशाला ईसान म्हणतात, तो शब्दही आपल्या 'ईशान'चाच. शिक्षकाला म्हणतात 'ख्रू', म्हणजे गुरू. शिक्षकांना परवाना देणारी संस्था 'खुरुसफा', म्हणजे गुरुसभा. इतके आपलेपण असूनही नोकरीच्या जाहिरातींत मात्र ठळक अक्षरांत लिहिलेले असे: 'फक्त नेटिव्ह स्पीकर'. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांनाच प्राधान्य. एका मध्यस्थ संस्थेने तर माझे पारपत्र पाहूनच अर्ज परत केला. वाईट वाटले, पण पुढे वर्गात उभी राहिल्यावर मला माझे भांडवल सापडले.

सकाळी वर्गात शिरले की चाळीस मुले उभी राहून एका सुरात म्हणत, "गुड मॉर्निंग, टीचर!" मी "हाऊ आर यू?" म्हटले की पाठ केलेले उत्तर तयार. पण "आज काय खाल्लेस?" असे विचारले की सारा वर्ग चिडीचूप! चारचौघांत चूक झाली तर लाज जाईल, ही धास्ती. थायलंडमध्ये भेटल्यावर "किन खाव यांग?" असे विचारतात, म्हणजे आपले "जेवलात का?"च. मी दुसऱ्या दिवसापासून त्यानेच सुरुवात केली. मुलांनी आधी शेजारच्याला विचारायचे, मग चौघांत, मग सर्वांसमोर. पंधरा दिवसांत वर्गाला कंठ फुटला.

थाई मुले 'स्कूल'ला 'सकून' म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटचा 'ल' हा 'न' होतो. मला हसू आले नाही. आपल्याकडे 'इस्कूल' म्हणतातच की! थाई क्रियापद काळानुसार बदलत नाही. 'काल बाजारात गेलो' याला ते म्हणतात 'मुआ-वान पाय तलात', म्हणजे शब्दशः 'काल जाणे बाजार'. 'काल' म्हटले की भूतकाळ आलाच, मग 'गो'चे 'वेंट' कशाला, असे त्या मुलाला वाटणारच. त्याची अडचण नेमकी कुठे आहे हे ज्याने स्वतः इंग्रजी कष्टाने शिकली त्याला चटकन कळते. मित्रहो, आपण घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढलो. दुसऱ्याची भाषा आपलीशी करण्याची कला आपल्याला घरबसल्या मिळाली आहे. तिला उणेपणा मानू नका.

मात्र नुसत्या आत्मविश्वासावर जाऊ नका, तयारी करा. पदवी हवीच, बी.एड. असेल तर उत्तम. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना थायलंडमध्ये टोइक किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. प्रशिक्षण घ्यायचे तर ज्यात प्रत्यक्ष वर्ग घ्यावा लागतो असेच घ्या. केंब्रिजच्या 'सेल्टा' अभ्यासक्रमात किमान १२० तास शिक्षण आणि त्यात ६ तास परीक्षकांच्या देखरेखीखाली शिकवणे असते. शिक्षकाने कमी बोलायचे आणि मुलांना बोलते करायचे, हे पुस्तक वाचून येत नाही.

करार नीट वाचा. पगार बारा महिन्यांचा की सुट्ट्या वगळून दहाच महिन्यांचा, हे विचारा. पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करणे हा तिथे गुन्हा आहे. योग्य व्हिसा आणि कामाचा परवाना यांची सोय कोण करणार, हे लेखी घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तरुणांना जाहीर सावध केले होते: थायलंडमधील नोकरीचे आमिष दाखवून मुलांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात होते. ती आमिषे संगणक क्षेत्रातील होती, पण फसवणुकीची रीत कुठल्याही नोकरीला लागू पडते. म्हणून शाळेशी स्वतः बोला, तिथे आधी काम केलेल्यांना विचारा आणि घरच्यांना सर्व कागदांच्या प्रती देऊन ठेवा.

शेवटी एक गोष्ट सांगते. जूनच्या सुमारास थाई शाळांत 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदनेचा सोहळा होतो, बहुधा बृहस्पतीच्या वारी, गुरुवारी. मुले गुडघ्यांवर बसून शिक्षकांना तबके अर्पण करतात. त्यांत परंपरेने चार वस्तू असतात: बुद्धी तीक्ष्ण व्हावी म्हणून सुईसारख्या कळ्यांची रुक्मिणीची फुले, नम्रतेसाठी खाली झुकणारी वांग्याची फुले, लाह्या आणि चौथी वस्तू म्हणजे दूर्वा! तुडवली तरी पुन्हा उगवते, झरझर पसरते, तशी विद्या वाढावी, हा त्यामागचा भाव. माझ्यासमोर पहिले तबक आले तेव्हा नेटिव्ह कोण आणि परके कोण, हा प्रश्न त्या मुलांच्या मनातही नव्हता. त्यांच्या लेखी मी फक्त ख्रू होते.

तरुण मित्रमैत्रिणींनो, त्या दूर्वेची चिकाटी घेऊन जा. श्रीगणराय आपणां सर्वांना सुबुद्धी आणि यश देवो.

गणपती बाप्पा मोरया!