तान्ह्या पोळ्याचा बोजारा

नव्वदच्या दशकात नागपुरात वाढलेल्या कुणालाही विचारा, दिवाळीइतकीच वाट कशाची पाहायचो? तान्ह्या पोळ्याची! श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा. भोसलेकालीन रघुजीराजे दुसरे यांनी ही प्रथा सुरू केली, असं मानतात. लाकडी नंदी, खाली चार चाकं, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड. नंदी ओढत घरोघरी जायचं, आई-काकूंनी ओवाळायचं आणि हातावर बोजारा ठेवायचा, कुठे चॉकलेट, कुठे कोरी नोट. ती आपल्या हक्काची पहिली कमाई. तिचा हिशेब कुणी मागत नसे. त्याच दिवशी इतवारीकडे काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. पिवळीची परंपरा १८८५पासूनची. ती गर्दी बाबांच्या खांद्यावरून बघायची.

वर्धा रोडलगतच्या मनीषनगरात आता सोसायट्यांच्या आवारात पोळा भरतो. वेशभूषा स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. छानच आहे. पण दारोदार फिरण्यात अख्खी गल्ली ओळखीची व्हायची, ते मला जास्त मोलाचं वाटतं. म्हणून एक विनंती. माळ्यावरचा जुना नंदी काढा, ढिली चाकं ठोकून घ्या, आणि पोरांना निदान शेजारच्या इमारतीत तरी बोजारा मागायला पाठवा.