छिद्रं जपणारी भट्टी

चेन्नईच्या पल्लावरम-क्रोमपेट भागात चामडं कमावण्याचे कारखाने आहेत, तर अड्यारला १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था. अशा कारखान्यांच्या खारट, तेलकट सांडपाण्यात प्लास्टिकची गाळणपटलं लवकर खराब होतात, सिरॅमिकची टिकतात. पटल अगदी पातळ, त्याचं बळ खालच्या सच्छिद्र नळीत. अ‍ॅल्युमिना किंवा केओलिन या मातीच्या भुकटीत स्टार्च मिसळून ही नळी घडवतात, सावकाश वाळवतात आणि भाजतात. स्टार्च जळून जातो, त्याच्या जागी छिद्रं उरतात. खरं कसब इथेच! आच कमी पडली तर नळी ठिसूळ, जास्त झाली तर छिद्रंच बुजतात. अ‍ॅल्युमिनाला साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं, केओलिनला हजाराच्या आसपास पुरतं. इंधन वाचवणाऱ्या या स्वस्त मातीवर आपल्या प्रयोगशाळांनी अधिक भर द्यायला हवा.