रेडिओ आतून फुटतो



घाटकोपरच्या पंतनगरात, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत सध्या पुनर्विकासाची लगबग आहे. घर रिकामं करायची तारीख जवळ आली की कपाटावरचा, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला व्हॉल्व्हचा रेडिओ खाली उतरतो आणि बहुतेक वेळा थेट भंगारवाल्याच्या काट्यावर जातो. लोखंडाचे आणि तांब्याचे पैसे हातावर पडतात. लाकडी कॅबिनेटचं कुणी काही देत नाही.

अलीकडे काही घरं मात्र जागी झाली आहेत. नातू फोटो काढतो, ते फिरत फिरत नागपूरच्या, बेळगावच्या, बंगळूरच्या एखाद्या शौकिनापर्यंत पोहोचतात, भाव ठरतो, पैसेही येतात. फार चांगली गोष्ट. पण खरा घात पुढेच होतो. साठ-सत्तर वर्षं घरात धड राहिलेला रेडिओ चार दिवसांच्या प्रवासात मोडतो. आजच्या भाषणात सांगायचं ते एवढंच, आणि ते पुन्हा पुन्हा सांगितलं जाईल. हा रेडिओ बाहेरच्या माराने क्वचित फुटतो. तो आतून फुटतो.

हे रेडिओ या उपनगरांना परके नाहीत. जाहिरातीतल्या गुटगुटीत बाळामुळे घराघरांत ओळखला गेलेला मर्फी मुलुंडच्या पलीकडे, ठाण्यातच तयार होई. ‘नॅशनल एको’ काढणारी, १९४० साली स्थापन झालेली आणि पुढे नेल्को म्हणून ओळखली जाणारी टाटा समूहाची कंपनी अंधेरीची. आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झालेल्या विविध भारतीचं घर आज बोरिवलीत, गोराई रोडवर आहे. इथे बनलेली वस्तू इथून शाबूत बाहेर पडावी, एवढी अपेक्षा काही जास्त नाही.

मग मोडतं काय आणि का? व्हॉल्व्हच्या मोठ्या टेबल मॉडेलचं वजन सहज आठ-दहा किलो भरतं. त्यातलं बरंचसं वजन एका पत्र्यावर, म्हणजे चासीवर असतं, आणि त्यातही एका कोपऱ्यातल्या मेन्स ट्रान्सफॉर्मरमध्ये. ही चासी कॅबिनेटच्या तळाला खालून बहुधा चार बोल्टांनी बसवलेली असते. बोल्टांखाली रबराचे वॉशर असतात. इतक्या वर्षांत ते रबर कडक होतं, त्याचा भुगा होतो. बोल्ट दिसायला जागेवर, पण चासीला आत खेळ आलेला असतो. मेकॅनिककडे अनेक फेऱ्या झालेल्या रेडिओत तर चारांपैकी दोनच बोल्ट उरलेले सापडतात.

कोकणातून एसटीने मुंबईला येणारी लोणच्याची बरणी आठवा. चिनी मातीची, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, घाटातून येताना मांडीवर धरलेली. ती न फुटता येते, कारण आत लोणचं गच्च भरलेलं असतं. आता त्याच बरणीतलं लोणचं काढून कुणी आत वरवंटा सोडला तर? वरून एक लुगडं गुंडाळा की चार गुंडाळा, पहिल्याच खड्ड्याला बरणीच्या ठिकऱ्या होणार. व्हॉल्व्हच्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर हा तो वरवंटा आहे. आणि लोक काय करतात, तर बबल शीटची गुंडाळी आणतात आणि बरणीला बाहेरून लुगडी नेसवत बसतात!

म्हणून पहिलं काम आतलं. रेडिओ निदान दिवसभर आधी प्लगमधून काढून ठेवावा, कारण काँडेन्सरमध्ये विजेचा साठा राहू शकतो आणि व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपासचा दाब खेळतो. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून प्रत्येक व्हॉल्व्हच्या जागेचा फोटो घ्यावा. मग व्हॉल्व्ह सरळ वर, न वाकवता काढावेत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधावी आणि ते छोट्या वेगळ्या डब्यात मऊ कापडात ठेवावेत. काचेवरची अक्षरं बोटाने पुसली जातात, तेव्हा काच चोळायची नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूरला १९६० च्या दशकात असे व्हॉल्व्ह बनवले होते. आज ईसीसी ८३ आणि ईएल ८४ हे व्हॉल्व्ह परदेशात बनतात, तेही गिटारच्या अॅम्प्लिफायरसाठी मागणी आहे म्हणून. ईसीएच ८१ साठी जुना साठाच धुंडाळावा लागतो. ट्यूनिंग दाखवणाऱ्या, हिरव्या उजेडाच्या मॅजिक आयचंही तेच. व्हॉल्व्हच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडलेला दिसला तर काचेत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह गेला. हे विकणाऱ्याने आधीच सांगून टाकावं.

आता चासी. उत्तम मार्ग म्हणजे ती बाहेर काढून वेगळ्या खोक्यात पाठवायची आणि कॅबिनेट वेगळ्या. नॉब ओढून किंवा त्यांचे बारीक स्क्रू सोडवून निघतात. स्पीकरच्या तारा मात्र जाणत्या मेकॅनिकनेच सोडवाव्यात. तेवढं जमणार नसेल तर नवे वॉशर घालून चारही बोल्ट कसावेत आणि चासी व कॅबिनेट यांच्यातल्या फटींत कडक फोमचे तुकडे बेताने बसवावेत. ते स्पीकरच्या कागदाला, डायलच्या काचेला आणि डायलच्या दोरीला टेकता कामा नयेत. थर्माकोलचे मणी आत कधीही ओतू नयेत. ते ट्यूनिंगच्या पातळ पात्यांत अडकतात आणि वर्षभर निघत नाहीत.

वरवंटा बाहेर काढा, नाहीतर त्याला असा बसवा की तो तसूभरही हलणार नाही. लुगडं त्यानंतर.

बाहेरच्या पॅकिंगमध्ये फारसं गूढ नाही. खोक्यात खोकं, दोहोंमध्ये सगळीकडून निदान दोन इंच फोम. वर्तमानपत्राचे बोळे चालत नाहीत, ते दबून चपटे होतात आणि मध्ये पोकळी राहते. पावसाळ्यात तर निकड नसेल तेव्हा पाठवूच नये. मुंबईच्या दमट हवेत खोक्याचा पुठ्ठा नरम पडतो, कॅबिनेटचं विनियर सुटू लागतं.

खर्चाचं गणित आधीच मांडावं. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. म्हणजे ६० बाय ४५ बाय ४५ चं खोकं २४.३ किलोंचं ठरतं, आत रेडिओ दहाच किलोंचा असला तरी. हा आकडा ऐकून लोक लहान खोकं घेतात आणि फोम वगळतात. कृपा करून असं करू नका. घेणाऱ्याला खर्च मोकळेपणाने सांगा. खरा शौकीन तो देतो.

रेल्वे पार्सलने पाठवणाऱ्यांनी रेल्वे कायदा, १९८९ मधलं कलम १०३ लक्षात ठेवावं. बुकिंगच्या वेळी मालाची किंमत जाहीर करून ठरलेला जादा आकार भरला नाही, तर नुकसानीबद्दल रेल्वेची जबाबदारी ठरावीक मर्यादेपुरतीच राहते. मग वस्तू पाचशेची होती की पंचवीस हजारांची, याला अर्थ उरत नाही. तो जादा आकार भरा, पावती जपा.

परदेशातून मागणी आली तर आणखी एक बाब. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पन्नास-साठच्या दशकातल्या मर्फीला ती अडचण नाही. मात्र मुंबई नभोवाणी केंद्राचं उद्घाटन २३ जुलै १९२७ चं, तेव्हा त्या काळातल्या सेटची शंभरी आलीच. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घ्यावा.

आणि एक कळकळीची सूचना. गिऱ्हाइकाला ‘चालू आहे’ असं दाखवण्यासाठी वीस वर्षं बंद असलेला रेडिओ थेट प्लगला लावू नका. जुना काँडेन्सर शॉर्ट झालेला असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि मग विकायला उरतं ते फक्त लाकूड. मेकॅनिक तो आधी सिरीज बोर्डवर, साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब मध्ये घालून तपासतो. बल्ब भगभगीत पेटलेलाच राहिला की समजायचं, आत शॉर्ट आहे. एलईडी बल्बने हे काम होत नाही. तपासलाच नसेल तर ‘तपासलेला नाही’ असं सरळ लिहावं आणि भाव त्या मानाने लावावा. खोक्यात रेडिओबरोबर, पूर्वी त्यासाठी पोस्टातून काढाव्या लागणाऱ्या लायसनचं जुनं पुस्तकही ठेवावं. सेट कुठल्या साली कुणाकडे होता, याचा तो लेखी पुरावा असतो.

बेकेलाइटच्या कॅबिनेटबद्दल वेगळं बोलायला हवं होतं, कारण त्याला लाकडासारखी लवचीकता नसते, आणि एसी-डीसी सेटबद्दलही, ज्यांच्या चासीतच करंट असू शकतो. पण वेळ संपत आला आहे. तेवढ्यात पुन्हा एकदा सांगणं इतकंच की खोकं बंद करण्याआधी दोघांनी मिळून ते उचला, हलकेच चारही बाजूंना तिरकं करा आणि कान द्या. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर चिकटपट्टी लावू नका. खोकं पुन्हा उघडा आणि चासीचे बोल्ट बघा.