ढिल्या जोडातील ठिणगी

घरात वीज आली की आपण फ्यूजवर विसंबून निर्धास्त झोपतो. 'काही बिघडले तर फ्यूज जाईलच की!' हा विश्वास पुष्कळसा खरा आहे, पण पुरता खरा नाही. फ्यूज शाबूत असतानाही घराला आग लागू शकते. ती कशी, हे आज पाहावयाचे आहे.

फ्यूज, किंवा त्याच्या जागी आलेला एम.सी.बी., एवढेच पाहतो की तारेतून वाजवीपेक्षा जास्त प्रवाह जातो आहे काय. दुसरा रक्षक आर.सी.सी.बी. गेलेला प्रवाह तितकाच परत आला की नाही, याचा हिशेब ठेवतो. ३० मिलिअँपिअरची तूट आली की घरगुती आर.सी.सी.बी. वीज तोडतो. माणसाला धक्का बसतो तेव्हा तो उपयोगी पडतो.

आता समजा, इस्त्रीच्या प्लगमधला स्क्रू ढिला आहे. इस्त्री १००० वॅटची, वीज २३० व्होल्टची. म्हणजे प्रवाह साडेचार अँपिअरच्या आतच. ढिल्या जोडात बारीक फट पडते आणि प्रवाह ती ठिणगीच्या रूपाने ओलांडू लागतो. हिला प्रज्योत किंवा आर्क म्हणतात. वेल्डिंगवाला काळ्या काचेआडून पाहतो, त्याच जातीची ही ठिणगी. तिचे तापमान काही हजार अंश! पण प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतोच. मग १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला संशय यावा कशाचा? हिशेबात तूट नाही, म्हणून दुसरा रक्षकही स्वस्थ. इकडे तारेचे आवरण जळून कोळसा होतो, त्या कोळशातूनही वीज वाहू लागते आणि ठिणगी फोफावते. उंदराने कुरतडलेली तार किंवा नुसता पीळ देऊन पट्टी गुंडाळलेला जोड, यांतही हाच धोका.

मिडियम वेव्हवर रेडिओ लावला असताना जवळपास ठिणगी उडाली, की खरखर ऐकू येते, हे आपल्या परिचयाचे आहे. आर्क-फॉल्ट उपकरण तारेतील अशीच खरखर टिपते. शिवाय आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. तेव्हा ठिणगी विझून पुन्हा पेटते, ही खूणही ते ओळखते. मिक्सरच्या मोटारीतल्या नेहमीच्या ठिणग्या वेगळ्या काढून ते धोक्याच्या ठिणगीलाच वीज तोडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत नियमावलीने १९९९ च्या आवृत्तीत झोपण्याच्या खोल्यांसाठी ते २००२ पासून आवश्यक ठरविले. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१३ साली निघाले.

हे उपकरण महाग आहे. ते घरात नसेल, तर आपणच डोळे, नाक, कान उघडे ठेवले पाहिजेत. बटन गरम लागते, प्लग काळवंडतो, दिवा उगाच फडफडतो, जळका वास येतो किंवा बोर्डातून चरचर ऐकू येते, यांतले काही आढळले तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. फ्यूजमध्ये जाड तार तर कधीच घालू नका.

शिक्षकबंधुभगिनींना एकच विनंती. या पाच खुणा फळ्यावर लिहा. मुलांना सांगा, 'बघा, हुंगा, ऐका. पण हात लावू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा.' घरच्या बोर्डाकडे लक्ष द्यायला मोठ्यांना सवड नसते. मुलांना ती असते.